बिननाकाच्या गाड्या : इकोनोलाइन, मॅटाडोर आणि मारुती व्हॅन

मोटारीच्या पुढे इंजिनासाठी जो लांबट भाग असतो त्याला आपल्याकडे बॉनेट म्हणतात. हे बॉनेट काढून टाकले, ड्रायव्हरला पुढच्या चाकांच्या वर नेऊन बसवले आणि इंजिन त्याच्या शेजारी, सीटखाली किंवा थेट गाडीच्या शेपटाकडे सरकवले, की उरते ती चार चाकांवरची एक पेटी. तीच व्हॅन. गाडी तेवढ्याच लांबीची राहते, पण माल किंवा माणसे ठेवायची जागा हातभर, कधी दोन हात वाढते. अरुंद गल्ली, लहान दुकान आणि बेताचे भांडवल असलेल्या माणसाला त्या हातभर जागेचे मोल फार असते. अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या कॉम्पॅक्ट व्हॅन, पुण्याजवळच्या आकुर्डीतली मॅटाडोर आणि गुडगावची मारुती व्हॅन या तिन्हींच्या मुळाशी हाच साधा हिशेब आहे. कापलेल्या नाकाची किंमतही तिघींना मोजावी लागली, आणि ती जवळपास सारखीच होती.

या घराण्याचा आधुनिक मूळपुरुष जर्मन आहे. बेन पोन हा हॉलंडमधला फोक्सवागेनचा वितरक. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात सामान वाहण्यासाठी कामगारांनी बीटलच्या सांगाड्यावर बनवलेली एक उघडी गाडी त्याने पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक रेखाटन केले: मागे इंजिन, पुढे ड्रायव्हर, मध्ये सगळी रिकामी जागा. मार्च १९५० मध्ये त्या रेखाटनाची गाडी झाली. कारखान्यात तिचे नाव टाइप २, लोकांच्या तोंडी ट्रान्सपोर्टर. हवेने थंड होणारे तिचे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे होते. चढावर ती रखडे, पण पाऊण टन ओझे वाही आणि पेट्रोल जपून पिई. १९५० चे दशक संपेपर्यंत ती अमेरिकेतही दिसू लागली होती, आणि त्या आकाराची, त्या किमतीची गाडी तिथल्या कोणत्याही मोठ्या कंपनीकडे नव्हती.

कॉम्पॅक्ट हा शब्द अमेरिकी बाजारात रुळला तो मोटारींमुळे. फोक्सवागेन बीटल आणि अमेरिकन मोटर्सची रॅम्बलर यांना तोंड देण्यासाठी १९५९ च्या शरद ऋतूत डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांनी लहान मोटारी काढल्या: फोर्डची फाल्कन, शेव्हरलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. इंजिन, गिअरबॉक्स, आस असे सारे सामान तयार असल्यावर त्यावर पेटी चढवणे फारसे अवघड नव्हते. अमेरिकेची प्रत्येक कॉम्पॅक्ट व्हॅन अशी एखाद्या कॉम्पॅक्ट मोटारीची पाठची बहीण होती.

शेव्हरलेने जर्मन वाट जवळजवळ पावलावर पाऊल टाकून गिरवली. कॉर्व्हेअर मोटारीचे इंजिन मागे होते, हवेने थंड होणारे आणि सहा सिलिंडरचे. तेच उचलून १९६१ च्या मालिकेत कॉर्व्हेअर ९५ ही गाडी आली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ९५ इंच म्हणून नावात ९५. फोक्सवागेनचे हेच अंतर साडेचौऱ्याण्णव इंच होते, यावरून समोर कोण उभे होते ते कळते. मालाच्या व्हॅनला कॉर्व्हन, खिडक्या व बाके असलेलीला ग्रीनब्रायर अशी नावे होती. रॅम्पसाइड नावाच्या पिकअपच्या बाजूची फळी खाली पडून तिचा उतार होई आणि ढकलगाडी सरळ वर चढवता येई. या फळीची कल्पना आजही दाद घेण्यासारखी आहे. मूळ अडचण मात्र या फळीनेही सुटली नाही. मागच्या दारातून माल चढवायचा तर तो इंजिनावरच्या उंचवट्यापर्यंत उचलावा लागे, आणि पुढची जमीन खाली, मागची वर, असा तळ दोन पातळ्यांचा होई. सपाट तळ हवा म्हणून जो व्हॅन घेतो, त्याच्या दृष्टीने हे वर्मावर बोट होते.

फोर्डने ते वर्म बरोबर हेरले. सप्टेंबर १९६० मध्ये आलेल्या इकोनोलाइनमध्ये फाल्कनचे सहा सिलिंडरचे इंजिन दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, एका लोखंडी पेटीत ठेवलेले होते. अमेरिकी कारागीर त्या पेटीला कुत्र्याचे घर म्हणत. इंजिन १४४ घन इंचांचे, ८५ अश्वशक्तीचे. चाकांमधले अंतर ९० इंच. पूर्ण लांबी सुमारे सव्वाचार मीटर. मागचे दार उघडले की ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत एकसारखा सपाट तळ मिळे. इंजिनाची दुरुस्ती गाडीच्या आत बसून, पावसातही करता येई, हीही सोय लहान नव्हती. उलट बाजूला इंजिनाची उष्णता आणि गुरगुर ड्रायव्हरच्या मांडीशी येई. ड्रायव्हर, इंजिन आणि पुढचा आस एकाच ठिकाणी आल्याने रिकामी गाडी पुढे इतकी जड होई की मागची चाके जमिनीला धड चिकटत नसत. त्यावर फोर्डच्या अभियंत्यांनी मागच्या बाजूला १६५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ७५ किलोंचे लोखंडी वजन बसवले. ओझे वाहण्यासाठी काढलेल्या गाडीला ओझे नसताना तोल सांभाळायला कायमचे ओझे घेऊन फिरावे लागले. बिननाकाच्या मांडणीतली पहिली अडचण यातून उघडी पडते.

बाजाराने कौल फोर्डच्या बाजूने दिला. फुलवाले, नळकाम करणारे, टेलिफोन दुरुस्त करणारे, धोबी, बेकरीवाले असे सगळे छोटे धंदे इकोनोलाइनकडे वळले. शेव्हरलेने चूक मान्य केली आणि १९६४ मध्ये शेव्ही टू मोटारीचे इंजिन पुढे ठेवून, ९० इंची अंतराची, थेट फोर्डच्या धाटणीची शेव्ही व्हॅन काढली. कॉर्व्हन त्याच वर्षी बंद झाली, ग्रीनब्रायर १९६५ पर्यंत रेंगाळली. क्रायस्लरची डॉज ए-१०० ही तिसरी बहीण उशिरा, १९६४ च्या मालिकेत आली आणि तिघींमध्ये दणकट निघाली. कलते बसवलेले तिचे सहा सिलिंडरचे इंजिन वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालणारे म्हणून नावाजलेले होते. पुढे तिला आठ सिलिंडरचे इंजिनही मिळाले, जे या आकाराच्या व्हॅनमध्ये तोवर कोणी घातले नव्हते. ए-१०० च्या पिकअपमध्ये शर्यतीचे इंजिन बसवलेली लिटल रेड वॅगन ही गाडी १९६५ पासून शर्यतीच्या धावपट्टीवर पुढची चाके हवेत उचलून धावे. ते दृश्य पाहायला गर्दी लोटत असे.

जर्मन प्रतिस्पर्ध्याला अमेरिकेच्या बाजारातून मागे रेटण्यात सरकारी जकातीचाही हात होता. युरोपातल्या देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर २५ टक्के जकात लावली. फोक्सवागेनची मालवाहू व्हॅन आणि पिकअप त्या फटक्यात सापडल्या. माणसे नेणारी गाडी वाचली आणि पुढे तरुण भटक्यांची लाडकी झाली. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरची जकात कालांतराने उठली, हलक्या ट्रकांवरची अजून आहे. स्पर्धेचा दाब ओसरल्यावर अमेरिकी कंपन्यांना व्हॅन लहान ठेवण्याचे कारण उरले नाही.

त्याच सुमारास सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. राल्फ नेडर यांचे अमेरिकी मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. त्यातले पहिले प्रकरण कॉर्व्हेअर मोटारीवर होते. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, वाहन सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. बिननाकाच्या गाडीत समोरून धडक बसली तर आधी चेपतात ते ड्रायव्हरचे पाय, कारण त्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याचा एक पडदा आणि काच याखेरीज काही नसते. १९६८ मध्ये फोर्डने नवी इकोनोलाइन आणली तेव्हा इंजिन पुढे सरकले होते आणि गाडीला छोटे नाक फुटले होते. १९७१ च्या मालिकेत शेव्हरले आणि डॉज यांनीही तेच केले. ए-१०० चे उत्पादन १९७० मध्ये थांबले. नाक आले, पाठोपाठ लांबी आली, रुंदी आली, आठ सिलिंडर आले. कॉम्पॅक्ट व्हॅनचे अमेरिकेतले आयुष्य असे दहा वर्षांचे. त्यानंतर १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने मिनीव्हॅन काढली, पण ती मोटारीसारखी चालणारी, पुढच्या चाकांना गती देणारी आणि मुळापासून नाकासकट आखलेली कुटुंबाची गाडी होती.

यातली एकही व्हॅन भारतात बनली नाही. क्रायस्लरचे भारतातले भागीदार मुंबईतच होते: वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. ए-१०० मात्र तिथवर पोहोचली नाही. परकीय चलनाची टंचाई आणि परवान्यांचे राज्य असलेल्या त्या काळात जे आधीपासून बनत होते तेच बनत राहिले. तरीही अमेरिकेची एक बिननाकाची गाडी मुंबईमार्गे भारतात आली, आणि ती मायदेशापेक्षा इथे कितीतरी अधिक काळ टिकली. ती जीपच्या घरातली.

विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस एफसी-१५० ही गाडी बाजारात आणली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, सुकाणू पुढे. औद्योगिक रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी जीपच्याच छोट्या सांगाड्यावर, पुढच्या आणि मागच्या चाकांत जेमतेम ८१ इंचांचे अंतर ठेवून, उंच मोठ्या काचेची केबिन बसवली होती. आखूड, उंच आणि पुढे जड अशी ही गाडी अमेरिकेत फारशी खपली नाही. १९६५ पर्यंत सगळ्या प्रकारांच्या मिळून सुमारे ३० हजार बनल्या आणि तिथले उत्पादन थांबले. महिंद्र आणि महिंद्र ही मुंबईची कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारापासून विलीजच्या जीप जोडत होती. तिने १९६५ च्या सुमारास एफसी-१५० हाती घेतली, आणि पुढच्या तीन दशकांत तिच्यावर पिकअप, मिनीबस, रुग्णवाहिका अशा हरतऱ्हेच्या पेट्या चढल्या. अमेरिकेत ज्या गाडीला गिऱ्हाईक नव्हते तिला भारतात एवढे मिळाले याचे कारण उघड आहे. इथे दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात जीपचे सुटे भाग होते, रस्ते कच्चे होते आणि वेग कमी होता. वेग कमी असला की आखूड गाडीचे दोष झाकले जातात.

महाराष्ट्राची म्हणावी अशी व्हॅन मात्र जर्मन सोयरिकीतून आली. नवलमल कुंदनमल फिरोदिया (१९१०–१९९७) हे अहमदनगरचे, पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे त्यांचे वडील. १९४० च्या दशकाच्या अखेरीस माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत जावी म्हणून त्यांनी ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये बजाज उद्योगसमूहाबरोबर त्यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. हॅम्बुर्गमधल्या हारबुर्ग येथील विडाल आणि पुत्र यांचा टेम्पो कारखाना हा परदेशी भागीदार होता. मुंबईत गोरेगावला सुरुवात झाली, ती हॅन्सिअट नावाच्या तीन चाकांच्या गाडीने. पुढे एकच चाक, त्यावरच इंजिन, मागे हौदा. तिचे लांब तोंड पाहून महाराष्ट्रातल्या काही गावांनी तिला डुक्कर रिक्षा हे नाव दिले.

टेम्पो हा मूळचा इटालियन शब्द, जर्मनमध्ये त्याचा अर्थ गती. मराठीत तो कंपनीचे नाव म्हणून आला आणि थोड्याच वर्षांत जातिवाचक झाला. टेम्पो भरणे, टेम्पो लावणे, टेम्पोवाला हे शब्द बोलणाऱ्याला आज हारबुर्गची आठवण असण्याचे कारण नाही. गाडी टाटाची असो की महिंद्रची, घरसामान हलवते तो टेम्पो. हारबुर्गचा कारखाना कधीच दुसऱ्यांच्या हाती गेला आणि त्याचे नाव तिथल्या रस्त्यांवरून पुसले गेले, पण मराठीत ते घराघरांत आहे. एखाद्या कारखान्याला एवढी मोठी भाषिक वारसदारी क्वचितच लाभते.

१९६० च्या दशकात कंपनी आकुर्डीला आली. मुंबई-पुणे रस्त्यालगतचा पिंपरी-चिंचवडचा पट्टा तेव्हा कारखान्यांनी भरू लागला होता. आधी व्हायकिंग ही चार चाकी आली आणि १९६९ मध्ये मॅटाडोर. जर्मनीत टेम्पो कारखाना मॅटाडोर नावाची गाडी १९४९ पासून बनवत होता. १९६० च्या दशकात तिचे रूप पालटले, कारखाना हानोमागकडे गेला, हानोमाग-हेन्शेल पुढे डाइमलर-बेंझच्या ताब्यात आली, आणि तीच गाडी जर्मनीत मर्सिडीजचे चिन्ह लावून १९७७ पर्यंत विकली गेली. आकुर्डीत ती एफ-३०५ आणि पुढे एफ-३०७ या नावांनी निघत राहिली, २००० पर्यंत.

मॅटाडोर आणि अमेरिकी व्हॅन यांच्यातला खरा फरक तळाशी आहे. इकोनोलाइनचे इंजिन पुढे, पण गती मागच्या चाकांना. त्यामुळे गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा जाई आणि तळ त्याच्या वर ठेवावा लागे. मॅटाडोरची गती पुढच्याच चाकांना होती. इंजिन, गिअरबॉक्स, आस सगळे पुढे एकत्र. मागे फक्त दोन निमूट फिरणारी चाके. म्हणून तिचा तळ जमिनीपासून फार खाली होता. म्हाताऱ्या माणसाला एका पावलात आत जाता येई, स्ट्रेचर फार उचलावे लागत नसे, दुधाचे कॅन सरकवून ठेवता येत. रुग्णवाहिका, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची गाडी, कामगारांची ने-आण, लग्नाचे वऱ्हाड या सगळ्यांसाठी मॅटाडोर पसंत पडली ती या खालच्या तळामुळे. तिची दुबळी बाजूही तिथेच होती. चढावर ओझ्याचा भार मागे जातो आणि पुढची चाके हलकी होतात. गती देणारी चाकेच हलकी झाली की ती ओल्या घाटात जागच्या जागी फिरतात. भारतीय माल वाहतुकीत गाडी ठरल्यापेक्षा जास्त भरण्याचीच रीत, त्यामुळे हा दोष जर्मनीपेक्षा इथे ठळक दिसला. मागच्या चाकांना गती देणारे छोटे ट्रक आल्यावर अवजड मालाच्या धंद्यात मॅटाडोर मागे पडली त्याचे हे एक मोठे कारण मानले पाहिजे.

छत्तीसगडातल्या भिलाईच्या वाचकाला मात्र मॅटाडोर हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित असतो. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यात मेटाडोर म्हणजे कोणताही छोटा मालट्रक: वीट, वाळू, भाजी, धानाची पोती, कारखान्यातले सुटे भाग वाहणारा. आकुर्डीची बंद पेटीची व्हॅन कधीच दिसेनाशी झाली आहे, पण छत्तीसगडच्या वर्तमानपत्रांत मेटाडोरच्या बातम्या नेहमी असतात. महाराष्ट्राने टेम्पो हे नाव सामान्य केले, छत्तीसगडने मॅटाडोर. दोन्ही शब्द एकाच कारखान्याच्या दारातून निघालेले. कोलकात्याकडे आणि नागपूर-मुंबईकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भिलाईच्या मधून जातो आणि १९५६ पर्यंत हा सगळा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, हे लक्षात घेतले तर शब्दांची ही ये-जा स्वाभाविक वाटते.

पोलादाच्या बाजूने पाहिले तर भिलाईचा या गाड्यांशी थेट संबंध थोडाच. तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत सहकार्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, पहिली झोत भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि भिलाईच्या वाट्याला रेल्वेचे रूळ, बांधकामाचे पोलाद व पुढे जाड प्लेटा आल्या. मोटारीच्या अंगाला लागतो तो पातळ पत्रा, त्याचे काम सार्वजनिक क्षेत्राने रुरकेला आणि नंतर बोकारोकडे दिले. पण कारखान्याभोवती वसलेले शहर, सेक्टरांमध्ये आखलेली वस्ती आणि पाळ्यांमध्ये विभागलेला दिवस यांना व्हॅनची गरज होती. मोठी बस ज्या वळणावर जात नाही आणि रिक्षात जेवढी माणसे मावत नाहीत, त्या दोहोंच्या मधली जागा व्हॅनची.

१९८० चे दशक हे या इतिहासातले सर्वांत दाट दशक आहे. सरकारने हलक्या व्यापारी वाहनांसाठी जपानी सहकार्याची दारे उघडली आणि १९८५ च्या आगेमागे डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान आणि आयशर-मित्सुबिशी अशा चार कंपन्या एकदम उतरल्या. टाटांनी परदेशी नाव न लावता १९८६ मध्ये ४०७ आणली आणि या लढतीत सर्वांवर मात केली. या सगळ्या गाड्या ट्रकच्या सांगाड्याच्या, मागच्या चाकांना गती देणाऱ्या, ओझ्याला न डगमगणाऱ्या. छत्तीसगडात आज ज्यांना मेटाडोर म्हणतात त्या बहुतेक यांच्याच वंशातल्या.

बजाज टेम्पोने उत्तर दिले ते माणसांच्या वाहतुकीत. डाइमलर-बेंझच्या ओएम-६१६ या २.४ लिटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना कंपनीने मिळवला होता. त्यावर १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, इंदूरजवळच्या पीथमपूर येथे. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच असल्याने भिलाईच्या दृष्टीने ती स्वतःच्या राज्यातली गाडी होती. जर्मनीत मॅटाडोरच्या वंशातल्या मर्सिडीज व्हॅनची जागा १९७७ मध्ये ज्या टी-१ व्हॅनने घेतली, तीच इथे ट्रॅव्हलर झाली. म्हणजे थोरलीनंतर धाकटी, हा क्रम दोन्ही देशांत एकच राहिला, फक्त भारतात थोरली बंद न होता आणखी तेरा वर्षे धाकटीच्या शेजारी बनत राहिली. ट्रॅव्हलरला आखूड पण स्पष्ट नाक आहे आणि गती मागच्या चाकांना. फोर्ड, शेव्हरले आणि डॉज यांनी १९६८ ते १९७१ मध्ये जे केले तेच आकुर्डीच्या घराण्यात १९८७ मध्ये घडले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. ट्रॅव्हलर अजून बनते, आणि लोक तिला अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात.

दुसरी वाट मारुतीची. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली, सुझुकीबरोबरचा करार ऑक्टोबर १९८२ मध्ये झाला, ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये मारुती व्हॅन. सुझुकीच्या कॅरी या छोट्या गाडीचे हे भारतीय रूप. १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले. लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १८४०. अमेरिकेत जिला कॉम्पॅक्ट म्हणत त्या इकोनोलाइनपेक्षा ती जवळजवळ एक मीटर आखूड होती. ८०० मोटारीतलेच ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटांखाली, गती मागच्या चाकांना, ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे. कॉम्पॅक्ट मोटारीची पाठची बहीण हे अमेरिकी नाते इथे जसेच्या तसे उतरले होते, मात्र पेटी जपानच्या गल्ल्यांच्या मापाची.

तिचे सरकते दार हा भारतीय गल्लीला मिळालेला मोठा लाभ म्हणायला हवा. बाजूला सायकल उभी असली, भिंत असली, रहदारी असली तरी दार उघडते आणि कोणाला लागत नाही. भाजीवाला, गॅस सिलिंडरवाला, केटरर, लहान दवाखान्याची रुग्णवाहिका, शाळेची मुले नेणारा चालक अशा सर्वांचे संसार या दाराच्या आत उभे राहिले. शाळेच्या व्हॅनमध्ये दप्तरे छतावरच्या जाळीत आणि मुले आत दाटीवाटीने, हे दृश्य भिलाईपासून कोल्हापूरपर्यंतच्या एका पिढीच्या बालपणाचा भाग आहे. हिंदी सिनेमाने तिला अपहरण करणाऱ्यांची गाडी म्हणून रंगवले. रोज पहाटे दूध आणि सकाळी मुले पोहोचवणाऱ्या गाडीवर तो अन्याय आहे.

याच वर्गातल्या इतर प्रयत्नांना फारसे यश आले नाही. महिंद्रने १९९७ मध्ये मित्सुबिशीच्या गाडीवरून व्हॉयेजर काढली. ती प्रशस्त होती, पण किंमत खाजगी गिऱ्हाइकाला पेलवली नाही आणि थोड्याच वर्षांत बंद झाली. मारुतीने २००१ मध्ये व्हर्सा आणली, जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन होते, तरी ती रेंगाळली. त्याच गाडीचा साज उतरवून, किंमत कमी करून जानेवारी २०१० मध्ये ईको म्हणून ती परत आली तेव्हा खपू लागली. व्हॅनमध्ये चैन शोधणारा भारतीय गिऱ्हाईक तेव्हा नव्हता, जागा शोधणारा होता. मालाच्या बाजूने २००५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या टाटा एसने, म्हणजे छोट्या हत्तीने, तीन चाकी टेम्पोचा बाजार घेतला. हॅन्सिअट त्याआधीच, मॅटाडोरबरोबरच, इतिहासात जमा झाली होती.

ओम्नीचा शेवट ठरवला तो धडकेच्या चाचण्यांनी. समोरून आणि बाजूने धडक दिल्यावर गाडीतली माणसे किती सुरक्षित राहतात याचे नियम भारतात नव्या गाड्यांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. ज्या गाडीत ड्रायव्हरच्या पायांपुढे दुमडायला जागाच नाही तिला ते नियम पुरे करणे शक्य नव्हते. इंजिन सीटखाली, चाके पायांच्या मागे आणि समोर पत्रा ही रचनाच बदलावी लागली असती. २०१९ मध्ये, ३५ वर्षांनी, ओम्नीचे उत्पादन थांबले. तिची जागा घेणाऱ्या ईकोचे इंजिनही सीटखालीच आहे, पण समोर आखूड नाक आहे. इकोनोलाइनला सात-आठ वर्षांत नाक फुटले, मारुतीची ओम्नी मात्र साडेतीन दशके बिननाकाचीच राहिली.